पगारेंच्या गाडीचं जळकं ऑइल

सावळीराम पगारे यांनी ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं काढली आणि त्या चौतीस वर्षांत स्वतःच्या हातानं एक नट फिरवला नाही. यात आळस वगैरे काही नव्हता, त्यांचं पदच तसं होतं. ते तपासनीस होते. नट दुसऱ्यानं फिरवायचा. पगारेंनी वाकून पाहायचं, बॅटरीचा झोत टाकायचा, 'हं' म्हणायचं आणि कागदाच्या उजव्या रकान्यात सही करून वर गोल ठप्पा मारायचा. निवृत्त होताना ठप्पा कारखान्यात जमा करावा लागला. 'हं' मात्र त्यांनी घरी आणलं. भाकरी तव्यावरून उतरली की तिच्या कडेला बोट लावून ते आधी 'हं' म्हणत आणि मगच लताबाई ती ताटात टाकत. ज्या दिवशी 'हं' यायला उशीर होई त्या दिवशी भाकरी गार होई, एवढाच काय तो तोटा.

घरातली गाडी मात्र लताबाईंची होती. त्यांची म्हणजे अगदी त्यांचीच. पगारेंना गाडी चालवता येत नव्हती, फक्त तपासता येत होती. लताबाईंनी पायाच्या मशीनवर बावीस वर्षं ब्लाउज शिवले, एक्कावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकायचं मनावर घेतलं आणि तिथं त्यांना मशीन आडवं आलं. मशीनच्या पायटीवर दोन्ही पाय एकत्र चालतात. त्यामुळं शिकवणारा 'क्लच' म्हणाला की त्यांचे दोन्ही पाय एकदम दाबले जात, क्लचही आणि ब्रेकही. द्वारका सर्कलला भर गर्दीत त्यांनी गाडी अशी चार वेळा उभी केली. शेवटी शिकवणाऱ्यानंच हात जोडून सांगितलं, "मावशी, तुम्ही बिनक्लचची गाडी घ्या. तुमच्या डाव्या पायाला रिकामं ठेवा." म्हणून ही दोन हजार सातची ऑटोमॅटिक, तिसऱ्या हातची, फिकट सोनेरी रंगाची. लताबाई डावा पाय सीटखाली दुमडून घेत, अर्धी मांडी घातल्यासारखा, आणि सुखानं जात. रविवारी विहारात मुलांचा वर्ग घ्यायला. पौर्णिमेला त्रिरश्मी लेणीला, मागं तीन बायका आणि खिरीचा डबा घेऊन. शेजारच्या सीटवर पगारे बसत आणि पाथर्डी फाट्यापासून लेणीच्या पायथ्यापर्यंत सूचना देत. "ब्रेक. हळू. तो वळतोय. तो वळणार आहे. तो वळला नाही, पण वळला असता."

गेल्या पौर्णिमेला चढावर गाडीनं झटका खाल्ला. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना मागून कुणी ढुसणी दिल्यासारखा. खिरीचा डबा शेजारच्या लंकाबाईंच्या मांडीवर होता. तो उपडा झाला आणि अर्धी खीर सीटच्या फटीत गेली. मग झटका रोजचाच झाला. अंबडच्या गॅरेजवाल्यानं एक पट्टी बाहेर ओढली, तिचा वास घेतला आणि विचारलं, "गिअरबॉक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं?" हे कुणालाच माहीत नव्हतं. आधीच्या दोन मालकांनाही नसावं. "जळालंय," तो म्हणाला. "बदललं तर सुधारेल. किंवा आहे तेवढीही चालणार नाही, जुन्या गाडीचं सांगता येत नाही. आणि माझ्याकडे नंबर लागेल आठ दिवसांनी."

आठ दिवस नव्हते. मुलगा अश्विन पुण्याला असतो. त्यानं फोनवरून निकाल लावला. "आई, झालं तिचं आयुष्य. गिअरबॉक्स गेला तर करायला गाडीपेक्षा जास्त लागतील. मी रविवारी येतोय. सनी म्हणून माझ्या ओळखीचा आहे, जुन्या गाड्या उचलतो. पाच वाजता येईल आणि घेऊन जाईल. तुला कुठं जायचं असलं की मोबाईलवरून गाडी बोलवायची."

"आणि झटका गेला तर?" लताबाईंनी विचारलं.

"गेला तर ठेव बापडी. पण जाणार नाही."

फोन ठेवून लताबाई अंगणात गेल्या आणि उभ्या गाडीत जाऊन बसल्या. किल्ली लावली नाही. पगारेंनी खिडकीतून पाहिलं तेव्हा त्यांनी डावा पाय दुमडून घेतला होता.

पगारे बाहेर आले आणि म्हणाले, "मी बदलतो ऑइल."

"तुम्ही?" लताबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात चौतीस वर्षं होती.

आता घरी ऑइल बदलायचं म्हणजे खालचा बोल्ट काढायचा, जुनं सांडू द्यायचं, बोल्ट लावायचा, वरून नवं ओतायचं. पत्र्याची टाकी ज्यानं कधी धुतली आहे त्याला हे जमावं. पण पगारे कारखान्यातून आलेले. कारखान्याचा पहिला नियम असा की काम करणारा आणि तपासणारा हे दोघं एक असता कामा नयेत. आजवर या नियमाचा पगारेंना फायदाच झाला होता. आता तो उलटा फिरला. हातानं काम ते करणार, तर तपासणार कोण? घरात दुसरं माणूस एकच होतं.

"लता, या कामावर तू तपासनीस," त्यांनी जाहीर केलं आणि पट्टीनं रेघा मारून एक फॉर्म तयार केला. डावा रकाना काम करणाऱ्याचा, उजवा तपासनिसाचा. मध्ये 'निघालेलं प्रमाण', 'भरलेलं प्रमाण', 'शेरा'. तपासनिसाच्या सहीशिवाय कोणतीही वस्तू जागची हलणार नाही, आणि सहीशिवाय पुढची पायरी चढायची नाही, हेही त्यांनी खाली लिहिलं. लताबाईंनी चष्मा लावून फॉर्म दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. त्यांनी तो इतक्या गंभीरपणे घेतला आहे हे पगारेंच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मग सोसायटी. 'आवारात वाहनदुरुस्ती करू नये' असा नियम दोन वर्षांपूर्वी झाला होता आणि त्याला अनुमोदन खुद्द पगारेंनीच दिलं होतं. सचिव योगेश गांगुर्डे हा बँकेत नोकरीला, वयानं अश्विनएवढा, पण रजिस्टर उघडलं की साठीचा वाटे.

"काका, ऑइल काढणं ही दुरुस्ती झाली ना."

"दुरुस्ती कशी? मी काही जोडत नाही, तोडत नाही. मळ काढतोय."

योगेशनं विचार केला. "मळ म्हणजे साफसफाई. साफसफाईला रविवार चालतो. पण तसा अर्ज पाहिजे, तीन प्रतींत. आणि दोन्ही बाजूंच्या घरांची ना हरकत."

अर्ज तीन प्रतींत लिहिण्याइतकं सुख पगारेंना बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. ते उजवीकडच्या अब्बासभाईंकडे गेले. अब्बासभाई सुतारकाम करतात. पुढच्या खोलीत सागाचे पाट आणि देव्हारे उभे असतात.

"हरकत कसली साहेब, दोन सह्या घ्या," अब्बासभाई म्हणाले. "बस, वो जला हुआ ऑइल फेकना मत. पाटांना खालून मारलं ना, दहा साल कीडा फिरकणार नाही."

पगारेंनी मान हलवली. त्यांचं लक्ष सहीकडे होतं.

डावीकडे लंकाबाई. सटाण्याकडच्या, वय सत्तरच्या पुढं, खिरीची घटना अजून विसरलेल्या नव्हत्या. "माले काय हरकत, भाऊ? पन ते जळेल ऑइल निंघी ना, ते माले द्या थोडं. चौकटले वाळवी लागेल शे."

पगारेंनी पुन्हा मान हलवली. तिन्ही प्रती घेऊन योगेशकडे आले तर तो शिक्का मारता मारता म्हणाला, "काका, आणि ते जुनं ऑइल उरेल ना, तर सोसायटीच्या गेटला द्या. गंज फार चढलाय." पगारेंनी तिसऱ्यांदा मान हलवली. इथं वाचकानं नोंद घ्यावी की अजून गाडीतून एक थेंब निघालेला नव्हता आणि तो तीन ठिकाणी देऊन झाला होता.

रविवारी सकाळी आठ वाजता कामाला सुरुवात झाली. अंगणात पांढरी चादर, चादरीवर नऊ हत्यारं, आणि प्रत्येक हत्याराभोवती लताबाईंच्या शिवणाच्या खडूनं काढलेली रेघ. काम संपल्यावर एकही रेघ रिकामी दिसता कामा नये, नाहीतर विमान उडत नाही, असं पगारेंनी जमलेल्यांना समजावून सांगितलं. जमलेले म्हणजे अब्बासभाई, लंकाबाई आणि योगेश. तिघंही आपापली हरकत नसल्याचं पाहायला आले होते आणि तिघांच्याही हातात भांडं होतं.

गाडी सपाट उभी पाहिजे, आणि पगारेंचं अंगण पावसाचं पाणी रस्त्यावर जावं म्हणून उतरतं बांधलेलं. अब्बासभाईंनी बाभळीचे ठोकळे आणले, पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी आणली. पुढचं डावं चाक वर घेतलं की मागचं उजवं खाली. बुडबुडा मध्ये यायला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात लंकाबाईंनी तीनदा सुचवलं की त्यापेक्षा गाडी रस्त्यावर न्या, रस्ता सपाट शे. पण रस्त्यासाठी वेगळा अर्ज लागला असता.

मग इंजिन थोडं तापवून, बंद करून, पगारे गाडीखाली गेले. खाली काय ठेवायचं हा प्रश्न ऐनवेळी आला आणि त्यांनी स्वयंपाकघरातली सगळ्यात मोठी परात उचलली. ती पुरणाची होती. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण गाडीखाली आडवं झाल्यावर माणसाचे विचार वेगळे चालतात.

बोल्ट फिरला. आयुष्यातला पहिला. पगारेंनी सवयीनं 'हं' म्हटलं, आणि तोंड उघडं असताना ऑइल आलं. ते परातीत पडायच्या आधी मनगटावर पडलं, तिथून बाहीत शिरलं आणि काखेपर्यंत गेलं. गरम होतं, काळं होतं आणि करपलेल्या फोडणीचा वास मारत होतं. वरून तीन वेगवेगळ्या आवाजांत सल्ला आला की आता हात काढू नका.

अर्ध्या तासानं परात भरली, थेंब थांबला, बोल्ट जागच्या जागी बसला. आता महत्त्वाचं. गाडीचं पुस्तक पहिल्याच मालकाकडे राहिलेलं, पट्टीवरच्या खुणा झिजलेल्या, आणि मोबाईलवर शोधलं तर एक म्हणे साडेतीन लिटर घाला, दुसरा म्हणे आठ. तेव्हा हिशोब एकच: जेवढं निघालं तेवढंच भरायचं. कमी पडलं तर गिअर जळणार, जास्त झालं तर फेस येऊन जळणार. परातीतलं ऑइल हेच माप, दुसरा पुरावा नाही. "आणि ऑइल मोजायचं थंड झाल्यावर," पगारे म्हणाले, "गरम ऑइल फुगलेलं असतं." त्यांनी परातीवर वर्तमानपत्र झाकलं, वर लाल कागदाची चिठ्ठी ठेवली, 'तपासणी बाकी', आणि लताबाईंना आत हाक मारून ते अंघोळीला गेले.

अंघोळीला पाऊण तास लागला. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, शेवटी बेसन. कामाची पॅन्ट पुन्हा चढवून बाहेर आले तेव्हा ते कोपरापर्यंत पगारे होते आणि कोपराच्या वर अजून थोडे गाडीचे.

अंगणात परात होती. रिकामी. नुसती रिकामी नव्हे, राखेनं घासून, पुसून, उन्हात उभी करून ठेवलेली. चकाकत होती.

"लता," पगारेंनी हाक मारली.

कंपाउंडवरून लंकाबाईंनी डोकं वर काढलं. "ती गयी विहारमा. आज वर्ग शे ना तिना. रिक्षानं गयी." आणि हातातला कुंचला दाखवून समाधानानं म्हणाल्या, "ऑइल भारी शे बरं, भाऊ. लाकूड पी गयं पुरं."

विहारात लताबाईंचा फोन बंद असतो. वर्ग तीनला सुटतो. सनी पाच वाजता येणार. पगारेंनी घड्याळ पाहिलं: साडेअकरा. माणसाचं सगळं गेलं तरी पद्धत राहते. ते आत गेले, दुधाचं मापटं घेतलं, वही घेतली, आणि गेलेलं ऑइल मोजायला बाहेर पडले.

आधी अब्बासभाई. त्यांच्याकडे कॅन होता आणि कॅनमध्ये ऑइल होतं, म्हणजे सोपं. पगारेंनी मापट्यानं मोजलं: साडेतीन लिटर.

"पण अब्बासभाई, सगळं तर तुम्हाला दिलं नसेल."

"नाही हो. माझं जुनं पण होतं ना आत. त्यातच मिसळलं."

"जुनं किती होतं?"

अब्बासभाईंनी कॅनकडे पाहिलं, मग छताकडे. "एक लिटर होगा. अडीच पण असेल. अंदाज से, साहेब. चहा घेणार?"

चहा घ्यावा लागला. माप विचारायला आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत. पगारेंनी वहीत लिहिलं: 'एक ते अडीच लिटर, मध्यम धरून एक आठशे.'

लंकाबाईंकडचं संपलंच होतं. दोन चौकटी, एक पलंग, एक पाट, आणि उखळाचं लाकूडही त्यांनी सोडलं नव्हतं. पगारेंनी टेप काढून चौकट मोजली, पलंगाचे पाय मोजले. पण एका फुटाला ऑइल किती लागतं हे कळायला प्रयोग हवा. ते परत अब्बासभाईंकडे गेले, एक फूट फळी आणि पावशेर ऑइल उसनं आणलं, आणि लंकाबाईंच्याच कुंचल्यानं फळी रंगवायला बसले. लंकाबाई शेजारी बसून पाहत होत्या.

"भाऊ, तुम्ही काय करी राह्यनात?"

"माप काढतोय, मावशी."

लंकाबाईंनी थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग आत जाऊन लिंबाचं सरबत आणलं आणि त्यांच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. पगारेंना हे लागलं. चौतीस वर्षं ज्या माणसाच्या वाकण्यानं हँगरमध्ये शांतता पसरायची, त्याच्या डोक्यावर टॉवेल. पण तो गार होता, म्हणून त्यांनी काढला नाही. वहीत लिहिलं: 'दोन लिटर दोनशे.'

गेटवर योगेश. गेट आडवं, बेचाळीस सळया, सगळ्या काळ्या कुळकुळीत. सोसायटीत येणारा प्रत्येक जण हात लावून हात काळा करून जात होता आणि पगारेंचं नाव घेत होता. पगारेंनी एका सळईचा घेर मोजला आणि बेचाळीसनं गुणला. "काका, सळया त्रेचाळीस आहेत," योगेश म्हणाला. "एक आतून वाकलीये." पुन्हा गुणलं. 'एक लिटर नऊशे.'

अडीच वाजता पगारे अंगणात आले, डोक्यावर टॉवेल, पोटात तीन चहा आणि एक सरबत, आणि बेरीज मारली. पाच लिटर नऊशे. नव्या ऑइलचा आणून ठेवलेला डबा चार लिटरचा होता. म्हणजे जवळजवळ दोन लिटर कमी, आणि ते ऑइल मिळणारं अंबडचं दुकान रविवारी बंद. अब्बासभाई म्हणाले, माझ्या ओळखीचा आहे, शटर उघडायला लावू. योगेश म्हणाला, चार तर घाला, बाकी उद्या. पगारे डबा हातात घेऊन गाडीपाशी गेले, झाकणाला हात घातला आणि थांबले. आरशाला दोऱ्यानं फॉर्म लटकत होता. लताबाईंनी जाताना बांधला असणार. तपासनिसाच्या सहीशिवाय पुढची पायरी चढायची नाही. नियम त्यांचाच.

डबा खाली ठेवून ते पायरीवर बसून राहिले. साडेतीनला लताबाई रिक्षातून उतरल्या.

"ऑइल वाटलंस तू," पगारे म्हणाले. आवाज चढवावा असं त्यांनी ठरवलं होतं, पण चढला नाही.

"वाटलं."

"वर चिठ्ठी होती. तपासणी बाकी."

"हो. तपासनीस मी. म्हणून तपासलं." लताबाईंनी पर्स खांद्यावरून उतरवली. "वास घेतला, बोटांत घासून पाहिलं. पार जळालेलं होतं. तुम्हीच लिहिलंय, तपासणी झाल्याशिवाय वस्तू हलवू नये. झाली, हलवली. तिघांना शब्द तुम्ही दिलेला, परात माझी पुरणाची. मी काय करायला हवं होतं?"

"मोजायला हवं होतं." आता पगारेंचा आवाज फाटला. "तेच एक माप होतं, लता. आता किती भरायचं ते कुणालाच माहीत नाही. पाच वाजता तो येईल आणि तुझी गाडी..." ते गेटच्या दिशेनं पाहू लागले.

लताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डोक्यावरचा टॉवेल, कोपरावरचं बेसन, वहीतली चौकटीची चित्रं. मग त्यांनी आरशाचा दोरा सोडला आणि फॉर्म त्यांच्यापुढं धरला.

"वाचलात का हो हा?"

पगारेंनी वाचला नव्हता. फॉर्म त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांकडून वाचून घेतले होते. 'निघालेलं प्रमाण' या ओळीपुढं लताबाईंच्या ब्लाउजच्या मापांच्या वहीतल्या अक्षरात लिहिलं होतं: 'पंधरा फुलपात्रं. अब्बासभाई सहा, लंकाबाई पाच, गेट चार. परातीला चिकटलेलं धरलं नाही.'

"तीन भांडी पुढं आली," लताबाई म्हणाल्या. "एकाला जास्त, एकाला कमी झालं असतं तर वर्षभर ऐकावं लागलं असतं. मी वाटते ते मोजूनच वाटते."

फुलपात्र पाव लिटरचं. पंधरा म्हणजे पावणेचार. डबा चारचा. पगारेंनी वहीतल्या पाच लिटर नऊशेकडे पाहिलं आणि पान दुमडलं. अब्बासभाई हळूच म्हणाले, "मतलब माझं जुनं ऑइल दोन लिटर होतं. मला वाटलंच."

साडेचारला अश्विन पोचला, बरोबर सनी. सनीची पॅन्ट पांढरीशुभ्र होती. पुढं काय होणार हे ज्या माणसाला माहीत नसतं तोच अशी पॅन्ट घालून जुनी गाडी घ्यायला येतो. दोघांनी पाहिलं ते असं: बॉनेट उघडं, पगारेंच्या हातात नरसाळं, आणि लताबाई फुलपात्रानं लालभडक ऑइल ओतत मोठ्यानं मोजतायत. "बारा." मागं तीन शेजारी हलक्या आवाजात तेच मोजत होते.

"आई, हे काय चाललंय?"

"मध्ये बोलू नकोस, चुकेल. तेरा."

पंधरा झाले. ठोकळे निघाले. इंजिन चालू करून ब्रेक दाबून लताबाईंनी गिअरची दांडी प्रत्येक खुणेवरून एकदा फिरवून आणली. मग त्यांनी तेच फुलपात्र धुतलं, काठोकाठ पाण्यानं भरलं आणि मागच्या सीटवर बसलेल्या सनीच्या हातात दिलं.

"हे काय, ताई?"

"तपासणी. लेणीच्या चढावर झटका बसला तर हे सांडेल. सांडलं तर गाडी तुमची."

सनीनं आधी फुलपात्राकडं पाहिलं, मग पॅन्टकडं. अश्विन काही बोलणार होता, पण आईनं डावा पाय दुमडून घेतलेला त्यानं पाहिला आणि तो मागं सनीच्या शेजारी बसला. पगारे पुढं. गेटच्या काळ्या सळया मागं गेल्या, फाटा गेला. गाडी हायवेच्या कडेनं लेणीच्या चढाला लागली. पहिला. दुसरा. डोंगर काचेत मोठा होत होता. आणि मग आवाजाचा सूर बदलला, एवढंच. तिसरा. लोण्यातून सुरी गेल्यासारखा. सनीच्या हातातलं पाणी थरथरलं आणि काठावरच राहिलं.

पायथ्याला वळण घेतलं, परत निघाले. लताबाईंनी आरशात एकदा फुलपात्राकडं पाहिलं. सोसायटीचं गेट दिसायला लागलं, आणि त्याच क्षणी पगारेंना पाठीत काहीतरी टोचलं. दुपारपासून टोचत होतं. त्यांच्या डोळ्यांपुढं पांढरी चादर आली, तिच्यावरच्या नऊ रेघा, आणि एक रेघ रिकामी.

"थांब," ते ओरडले. "एकोणीस नंबरचा पाना."

बावीस वर्षांची सवय. लताबाईंचे दोन्ही पाय एकदम खाली आले. गाडी जागच्या जागी उभी राहिली. फुलपात्र नाही राहिलं.

पगारेंनी मागच्या खिशातून एकोणीस नंबरचा पाना काढला. मागं सनी मांडीवरच्या तळ्याकडं पाहत बसला होता. अश्विननं घसा साफ केला. "आई, पाणी तर सांडलं."

"सांडलं," लताबाई शांतपणे म्हणाल्या. "पण गाडीनं नाही सांडलं." त्यांनी पर्समधून फॉर्म काढला, स्टिअरिंगवर ठेवला आणि शेऱ्याच्या ओळीत लिहिलं: 'गाडी पास. काम करणारा फेरतपासणीला.' मग पेन पगारेंकडे दिलं. डावा रकाना. त्या बाजूला त्यांनी कधी सही केली नव्हती. ती थोडी वाकडी आणि बरीच लहान आली. लताबाईंनी उजवीकडे पूर्ण नाव लिहिलं आणि ठप्पा हवा म्हणून सनीकडून ओलं फुलपात्र घेऊन त्याचं बूड सहीवर टेकवलं. गोल उमटला.

अश्विन हसला. बराच वेळ हसत होता. सनी जाताना मात्र गाडीकडं न पाहता लताबाईंपाशी थांबला. "ताई, ते जुनं ऑइल काही उरलंय का? आमच्या दुकानाच्या दाराला वाळवी आहे."

मंगळवारी पौर्णिमा होती. सकाळी सात वाजता गाडी निघाली. पुढच्या सीटवर लंकाबाई, मांडीवर खिरीचा डबा. मागं दोन बायका आणि त्यांच्या मध्ये पगारे, फेरतपासणीसाठी, दोन्ही हातांत काठोकाठ भरलेलं फुलपात्र धरून. फाट्यावर एक टेम्पो न विचारता वळला. पगारेंनी तोंड उघडलं, पाणी हिंदकळलं, त्यांनी तोंड मिटलं. पुढं एक रिक्षा आडवी आली, मग एक म्हैस. पगारे पाण्याकडं पाहत राहिले. चढ आला, तिसरा गिअर पडला, खीर जागची हलली नाही आणि पूर्ण रस्ताभर गाडीत एक सूचना झाली नाही.

ही तपासणी आता दर पौर्णिमेला करायची, असं लताबाईंनी परतताना ठरवून टाकलं.